माल लुटला गेला, पण वही उरली!

वास्को द गामा कालिकतला कधी उतरला? १४९८, बरोबर. शाळेत पाठच केलंय आपण. पण त्याच्याही पंचवीस-तीस वर्षं आधी एक रशियन व्यापारी आपल्या कोकण किनाऱ्यावर उतरला होता, हे माहितीये का तुम्हाला? त्याचं नाव अफनासी निकितिन. अलिबागच्या पुढे रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे. २००२ मध्ये तो उभारला गेला. जवळचं चौल हे तेव्हाचं गजबजलेलं बंदर.

निकितिन रशियातल्या त्वेर शहरचा. व्होल्गा नदीकाठचं हे व्यापारी गाव. १४६० च्या दशकात माल घेऊन तो नावेनं दक्षिणेकडे निघाला. व्यापार करायचा आणि घरी परतायचं, एवढाच बेत. पण आस्त्राखानजवळ लुटारूंनी गाठलं. माल गेला, सोबतची पुस्तकंही गेली. बरोबरचे लोक पांगले. गावाकडे ज्यांचं काही होतं, ते परत फिरले. ज्यांच्या डोक्यावर देणं होतं, ते कुठल्या तोंडानं जाणार? ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिनही घरी फिरला नाही. बाकू, इराण करत तो होर्मुझ बंदरात पोचला.

तिथं त्याला कळलं, की हिंदुस्थानात चांगले घोडे मिळत नाहीत, बाहेरून आणलेल्या घोड्याला मोठी किंमत येते. झालं! त्यानं एक घोडा घेतला आणि त्याच्यासकट जहाजात बसला. दीव, खंबायत असं करत चौलला उतरला. तेव्हा इथं बहमनी सुलतानांचं राज्य होतं. आपला बुलढाण्याचा मुलूखही वऱ्हाडाबरोबर त्याच राज्यात होता, बरं का.

चौलहून घाट चढून तो जुन्नरला गेला. पावसाळा तिथंच काढला. इथंच त्याच्यावर सगळ्यात मोठा प्रसंग आला. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली. धर्म बदलला तर घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी. नाही बदलला तर घोडा गेला आणि हजार नाण्यांचा दंड! विचार करा, सगळं भांडवल म्हणजे तो एक घोडा. घर हजारो किलोमीटर लांब. तरी तो तयार झाला नाही. शेवटी मदतीला आला तो खोरासानचा एक मुसलमान सरदार. त्यानं खानाकडे रदबदली केली आणि घोडा सोडवून दिला.

पुढे बिदरला त्यानं घोडा विकला. इकडे तो खोजा युसुफ या नावानं वावरायचा. बिदरला त्यानं आपण ख्रिस्ती असल्याचं हिंदू ओळखीच्यांना सांगून टाकलं. मग ते मोकळेपणानं बोलू लागले. जेवणखाण, पूजा, व्यापार, काहीच लपवेनात. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलमच्या यात्रेलाही जाऊन आला.

जे दिसलं ते तो लिहीत गेला. चार महिने पाऊस आणि सगळीकडे चिखल. घोड्यांना हरभरा आणि शिजवलेली खिचडी घालतात. सरदार थाटात राहतात आणि खेड्यातला माणूस फार गरीब आहे. पुस्तकं गेल्यामुळे आपले सण नेमके कधी येतात तेही कळेना, ही खंतही त्यानं लिहिली. आणि व्यापाराचं? आपल्या देशात न्यावा असा माल इथं नाही, मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे, हा त्याचा हिशेब. म्हणजे ज्या कामाला आला ते फसलंच की!

साधारण तीन वर्षांनी दाभोळहून तो जहाजानं परत निघाला. काळा समुद्रही ओलांडला. पण त्वेरला पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचा मृत्यू झाला. त्याची वही मात्र व्यापाऱ्यांनी १४७५ मध्ये मॉस्कोला पोचवली. तीन समुद्रांपलीकडचा प्रवास म्हणून ती आज ओळखली जाते. तिच्यावरून १९५७ मध्ये 'परदेसी' हा भारत-रशियाचा सिनेमाही निघाला. त्यात नर्गिस होत्या, बलराज साहनी होते.

त्वेरला व्होल्गाच्या काठावर १९५५ मध्ये त्याचा पुतळा बसवला. खाली नावेचं टोक आणि वर निकितिन उभा. त्या काळी घोडे विकून गब्बर झालेले व्यापारी कितीतरी असतील, त्यांची नावं आज कुणाला ठाऊक आहेत?

मलकापूर-शेगावहून मुंबईला तुम्ही कामासाठी किंवा परीक्षेसाठी जातच असाल. एखाद्या खेपेला अलिबागची वाट धरा. तिथून रेवदंडा फार लांब नाही. किल्ला आणि समुद्र तर बघालच, तो स्तंभही बघून या. आणि हो, नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला राहत असाल, तर रोज दिसतं ते चार ओळींत लिहून ठेवायला काय हरकत आहे?