लातूरला जिनिंग काढणारे टिळक पीआरचे पहिले मास्तर कसे ठरले? बारावीनंतर काय करायचं ठरवताना ही गोष्ट वाचाच

औशात बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. नीटला किती पडले? जेईईचं काय? लातूरचा क्लास परत लावायचा का? लातूर पॅटर्न आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर, त्यामुळे डॉक्टर आणि इंजिनिअर सोडून तिसरा रस्ता आहे, हे कुणी सांगतच नाही.

पण त्याच गल्लीत एक पोरगा असतो. गणेश मंडळाचा बॅनर तोच करतो, वर्गणीचा हिशेब ग्रुपवर तोच टाकतो, पोलिसांच्या परवानगीचा अर्ज तोच लिहितो. दोन गटांत वाजलं की समजूत घालायलाही त्यालाच बोलावतात. हे सगळं तो फुकटात करतो. या कामाची कॉलेजात पदवी मिळते आणि पुढे त्याचा पगारही मिळतो, हे त्याला माहीतच नसतं.

या कामाला जनसंपर्क म्हणतात. इंग्रजीत पब्लिक रिलेशन्स, बोलीभाषेत पीआर. आता पीआर म्हणजे काय, हे पुस्तकी व्याख्येतून सांगण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यातून बघू. माणूस सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लोकमान्य टिळक.

टिळक आणि लातूरचा संबंध काय?

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. गणितात हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बीए केलं, नंतर कायद्याची पदवी घेतली. सरकारी नोकरी सहज मिळाली असती, पण त्यांनी ती वाट धरली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि आगरकर यांच्या सोबतीनं शिक्षणाच्या कामात उतरले. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज.

पुढे सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. आता घर चालवायचं कसं? त्यांनी पुण्यात कायद्याचे क्लास काढले आणि भागीदारीत लातूरला जिनिंग फॅक्टरी टाकली. कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. तेव्हा लातूर आणि औसा दोन्ही निजामाच्या राज्यात होते.

म्हणजे ज्यांना आपण फक्त फोटोत बघतो, त्या माणसालाही पोटापाण्याचा प्रश्न होता. आपल्याच भागातल्या धंद्यानं त्यांना हातभार लावला आणि वर्तमानपत्राचं काम चालू राहिलं.

पहिला धडा: कुणाशी बोलतोय ते आधी ओळखा

जानेवारी १८८१ मध्ये या मंडळींनी एकाच वेळी दोन वर्तमानपत्रं काढली. मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. दोन का? कारण वाचक दोन होते. गावाकडच्या मराठी माणसाला समजावून सांगायचं होतं, आणि इंग्रज अधिकाऱ्यांना व इतर प्रांतांतल्या शिकलेल्या लोकांना इथलं म्हणणं कळवायचं होतं. मुद्दा एकच, पण भाषा वेगळी, मांडणी वेगळी.

आज पीआरच्या वर्गात पहिल्या काही दिवसांत हेच शिकवतात. समोर कोण आहे ते ठरवा, मग शब्द निवडा.

दुसरा धडा: खात्री केली नाही तर जेल

'केसरी' सुरू होऊन वर्ष होतं न होतं तोच मोठी चूक झाली. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, अशा आरोपांचा मजकूर छापला गेला. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती कोर्टात बनावट ठरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होताच. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस होते.

हेतू चांगला होता, कागद खोटा होता. आज आपण आलेला स्क्रीनशॉट न तपासता पुढे ढकलतो, तेव्हा हीच चूक करत असतो.

तिसरा धडा: लोकांना त्यांच्या हक्काची माहिती द्या

१८९६ च्या दुष्काळात टिळकांनी जे केलं, त्याची चर्चा कमी होते. दुष्काळात सारा माफ करणं, कामं काढणं यासाठी सरकारचेच नियम होते, दुष्काळ संहिता नावाचे. पण ते इंग्रजीत, कचेरीत. शेतकऱ्याला पत्ताच नाही. टिळकांनी 'केसरी'तून हे नियम सोप्या मराठीत सांगितले आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव पाठवले. काय मागायचा हक्क आहे, हे लोकांना कळलं.

बातमी छापून थांबले नाहीत, माहिती शेवटच्या माणसापर्यंत नेली. पीआरचं सगळ्यात उपयोगी रूप हेच आहे.

चौथा धडा: लोक जिथे जमतात तिथे जा

घरातला गणपती चौकात आणायची सुरुवात कुणी केली, यावर पुण्यात आजही वाद होतो. भाऊसाहेब रंगारी यांचं नाव घेतलं जातं. पण १८९३ नंतर हा उत्सव गावोगाव पोचवण्यात टिळकांचा आणि 'केसरी'चा वाटा मोठा होता. व्याख्यान म्हटलं की शंभर लोक येतात, मेळा म्हटलं की अख्खी पेठ येते, हे त्यांनी ओळखलं. मग रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीसाठी फंड उभा केला आणि शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली होती, त्या वातावरणात गणेशोत्सव वाढला. त्यामुळे मुसलमान समाज दुरावला, अशी टीका तेव्हाही झाली आणि अभ्यासक आजही करतात. १८९१ मध्ये मुलींचं संमतिवय दहावरून बारा वर्षं करणाऱ्या कायद्यालाही टिळकांनी विरोध केला होता. तिथे आगरकर काळाच्या पुढे होते. पुढे १९१६ मध्ये लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार घडवण्यात टिळकच पुढे होते.

मतं वळवण्याची ताकद कुठल्याही दिशेला वापरता येते. म्हणून पीआर शिकताना नीतीही शिकावी लागते.

पाचवा धडा: शब्दांची किंमत मोजायची तयारी

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग. घरात घुसून तपासण्या होत होत्या, लोक चिडले होते. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवर 'केसरी'तल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला झाला, अठरा महिन्यांची शिक्षा लागली. १९०८ मध्ये पुन्हा लेखांवरून खटला आणि सहा वर्षं मंडालेचा तुरुंग. निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. सत्तावीस वर्षं लोकांशी सतत बोलत राहिल्याची ती पावती होती.

१९१४ मध्ये सुटले. १९१६ मध्ये होमरूल लीग काढून पुन्हा गावोगाव फिरले. १९१८ मध्ये इंग्लंडला गेले. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा तिथे हरले, पण त्याच मुक्कामात मजूर पक्षाच्या नेत्यांना भेटून भारताची बाजू मांडली. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत ते गेले, तेव्हा पावसात लाखोंची गर्दी जमली होती.

टिळक गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, अमेरिकेत एडवर्ड बर्नेजनं न्यूयॉर्कच्या विद्यापीठात जनसंपर्क हा विषय शिकवायला घेतला. टिळकांना तो वर्ग मिळाला नाही. ते चुका करत शिकले, आणि काही चुकांसाठी जेल भोगली. तुम्हाला हेच वर्गात बसून शिकता येतं.

मग बारावीनंतर करायचं काय?

आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कुठल्याही शाखेतून बारावी झाली तरी मास मीडियाच्या पदवीला जाता येतं. आधी दुसरी पदवी घेऊन नंतर पत्रकारिता आणि जनसंवादाचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. दिल्लीच्या आयआयएमसीत जाहिरात आणि जनसंपर्क असा वेगळाच अभ्यासक्रम आहे.

नोकऱ्या कुठे? कंपन्या, दवाखाने, बँका, कारखाने, सामाजिक संस्था, एजन्सी. सरकारात तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालय हे स्वतंत्र खातंच आहे आणि प्रत्येक जिल्ह्याला माहिती कार्यालय आहे. सुरुवातीचा पगार डॉक्टरएवढा नसतो, हे खरं. पण मराठी नीट लिहिता येणारा, इंग्रजी समजणारा आणि गावाची नस माहीत असलेला माणूस या धंद्यात लागतोच.

आणि याची गरज औसा तालुक्याला कुणी सांगायला नको. किल्लारी आपल्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, भूकंपानं गावंच्या गावं गेली. अशा वेळी मदत कुठे मिळते, कोणती बातमी खरी आणि कोणती अफवा, हे लोकांना कळेल अशा भाषेत सांगणारा माणूस लागतो. तो बाहेरून येईपर्यंत वेळ जातो. आपल्यातलाच असेल तर तो दारातच उभा असतो.

तेव्हा तुमच्या मंडळात असा पोरगा किंवा पोरगी असेल, तर यंदा वर्गणी मागताना त्यांना एवढं विचारा, की बारावीनंतर याच कामाचं शिक्षण घ्यायचा विचार केलाय का?