उसन्या पैशांवर बर्लिन

बँकेत शिक्षणासाठी कर्ज मागायला एखादी मुलगी आली, की मला इरावतीबाई कर्वे आठवत. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या, त्या जीवराज मेहतांकडून घेतलेल्या कर्जावर. सासरे महर्षी कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले, पण सुनेच्या या प्रवासाला त्यांचा विरोध होता. पती दिनकर, स्वतः जर्मनीत शिकलेले, पाठीशी उभे राहिले.

तिथले मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हे तपासायचे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि संबंध आढळत नाही, असे प्रबंधात मांडले. डॉक्टरेट घेऊनच परतल्या.

ही हकिकत मी त्या मुलींना सांगत असे. सोबत आलेल्या वडिलांना तर आवर्जून.