विश्लेषण : मांजर, माशी आणि घराची वाटणी... हायकूकार इस्साचं आयुष्य नेमकं कसं होतं?

हायकू म्हणजे तीन ओळींची जपानी कविता, हे आता अनेकांना माहीत असतं. तळं, बेडूक, चेरीची फुलं असं काहीसं चित्रही डोळ्यांसमोर येतं. पण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जपानमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने या तीन ओळींत घरातलं मांजर, अंगावरची पिसू, रांगणारी पोर आणि भावाशी चाललेला वाटणीचा वाद हे सगळं आणलं. त्याचं नाव कोबायाशी इस्सा. मांजरांवर त्याने शेकडो हायकू लिहिले. घराने मात्र त्याला फार काळ सुख दिलं नाही. त्याच्या आयुष्याचा हा आढावा.

हायकू म्हणजे काय?

पारंपरिक जपानी हायकूत ५-७-५ अशी एकूण १७ ध्वनी-एककं असतात. ही एककं म्हणजे आपली अक्षरं नव्हेत. जपानीत दीर्घ स्वर दोन एककांचा धरला जातो आणि जोडाक्षरातल्या दुहेरी व्यंजनाचंही एक वेगळं एकक होतं. त्यामुळे ‘इस्सा’ हे नाव आपल्याला दोन अक्षरांचं वाटलं, तरी जपानी मोजणीत ते तीन एककांचं आहे.

दुसरा नियम ऋतूचा. प्रत्येक हायकूत ऋतू सुचवणारा एक शब्द हवा. या शब्दांची ठरलेली यादी असते आणि त्यात मांजरही आहे. वसंताच्या सुरुवातीला मांजरं माजावर येतात, रात्रभर ओरडतात, भांडतात. म्हणून ‘मांजरांचं प्रेम’ हा वसंताचा शब्द ठरला. ‘हायकू’ हे नाव मात्र इस्सानंतरचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी या कवीने ते रूढ केलं.

बालपण : आईविना घर

इस्साचा जन्म १७६३ मध्ये शिनानो प्रांतातल्या काशिवाबारा गावात झाला. आजच्या नागानो जिल्ह्यातला हा डोंगराळ भाग, हिवाळ्यात बर्फाखाली गाडला जाणारा. लहानपणीचं त्याचं नाव यातारो. वडील शेतकरी, घरची जमीन होती, खायची भ्रांत नव्हती. पण तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा आई गेली आणि आजीने त्याला वाढवलं.

काही वर्षांनी वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईला मुलगा झाला, त्याचं नाव सेनरोकु. सावत्र आईचं आणि यातारोचं कधी पटलं नाही. आजी होती तोवर त्याला आधार होता. ती गेल्यावर घरातली धुसफूस वाढली आणि १७७७ मध्ये वडिलांनी त्याला कामासाठी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला पाठवलं. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. अंतर साधारण सातारा ते मुंबई एवढं. साताऱ्या-सांगलीच्या खेड्यांतून शाळा सोडून मुंबई गाठणाऱ्या पोरांच्या कितीतरी पिढ्यांची वाट हीच होती.

‘इस्सा’ हे नाव कुठून आलं?

एदोतल्या पहिल्या दहा वर्षांबद्दल फारशी नोंद सापडत नाही. १७८७ च्या आसपास तो तिथल्या एका काव्यगुरूंकडे शिकताना दिसतो. पुढे त्याने ‘इस्सा’ हे टोपणनाव घेतलं. त्याचा शब्दशः अर्थ ‘एक चहा’, म्हणजे एक कप चहा. १७९२ पासून काही वर्षं तो पश्चिम जपानमध्ये पायी फिरला. जिथे जाई तिथे कवींच्या बैठकी आणि एखाद्या चाहत्याच्या घरी मुक्काम. नाव झालं, पण हाती पैसा राहिला नाही.

वाटणीचा वाद काय होता?

१८०१ मध्ये इस्सा गावी आला असताना वडील तापाने आजारी पडले. महिनाभर त्याने शुश्रूषा केली आणि त्या दिवसांची डायरी लिहिली. वडिलांच्या शेवटच्या दिवसांचं हे लेखन जपानी साहित्यात आजही वाचलं जातं. घर आणि जमीन दोन्ही मुलांत वाटून द्यावी, अशी वडिलांची इच्छा होती. सावत्र आई आणि सेनरोकु यांनी ती मानली नाही. वाद तब्बल १२ वर्षं चालला.

योगायोग असा की, साधारण याच सुमारास आपल्याकडे पटवर्धनांच्या मिरजेतही वाटणी होत होती. काका-पुतण्याच्या वादातून चिंतामणराव अप्पासाहेब मिरजेतून बाहेर पडले आणि सांगलीचं वेगळं संस्थान उभं राहिलं. भाऊबंदकी राजवाड्यातली असो की शेतकऱ्याच्या घरातली, तिचं कारण बहुतेक वेळा सारखंच निघतं : राबलं कोण आणि हिस्सा कोणाचा?

इस्साच्या प्रकरणातही दुसरी बाजू होती. तो शहरात आणि प्रवासात असताना सावत्र आई आणि भाऊ शेतात राबत होते. त्यांच्या कष्टाने जमीनजुमला वाढला होता. वर्षानुवर्षं बाहेर राहिलेल्या कवीला अर्धा हिस्सा का द्यायचा, हा त्यांचा प्रश्न गावालाही अगदीच गैर वाटत नव्हता. अखेर १८१३ मध्ये गावातल्या बौद्ध मंदिराच्या भिक्षूने मध्यस्थी केली. जमीन वाटली गेली. राहतं घर मधोमध विभागून एका बाजूला इस्सा आणि दुसऱ्या बाजूला सेनरोकुचं कुटुंब राहू लागलं.

संसार उशिरा का झाला?

घर मिळालं तेव्हा इस्साने पन्नाशी गाठली होती. १८१४ मध्ये त्याने किकु या जवळपास निम्म्या वयाच्या मुलीशी लग्न केलं. या काळातल्या त्याच्या डायऱ्यांत हवामान, पाहुणे, नवरा-बायकोची भांडणं, कोणी काय भेट आणली, सगळ्याच्या नोंदी आहेत. हायकूही त्याच वहीत. त्यामुळे रोजचं जगणं आणि कविता यांच्यात त्याने भिंत ठेवली नाही, हे स्पष्ट दिसतं.

मांजरं, चिमण्या, बेडूक, गोगलगाई, माश्या आणि पिसवा हे त्याचे नेहमीचे विषय. झोपलेलं मांजर, पिल्लांच्या खोड्या, रात्रभर भटकून सकाळी घरी परतणारा बोका याकडे तो शेजाऱ्याकडे पाहावं तसं पाहतो. आधीच्या कवींनीही मांजरांवर लिहिलं होतं, पण इतकं आणि इतक्या आपुलकीने नाही. आकडाच पाहायचा तर बाशोचे हायकू सुमारे १ हजार, बुसोनचे ३ हजारांच्या घरात आणि इस्साचे २० हजारांहून अधिक.

१८१९ मध्ये काय घडलं?

पहिला मुलगा सेंतारो १८१६ मध्ये जन्मला आणि महिनाभरही जगला नाही. १८१८ मध्ये मुलगी झाली, सातो. तिचं हसणं, टाळ्या वाजवणं, खेळणी मोडणं हे सगळं इस्साने टिपून ठेवलं. १८१९ च्या उन्हाळ्यात तिला देवी आल्या आणि जेमतेम वर्षाची सातो गेली. साताऱ्यात याच वर्षी इंग्रजांशी तह होऊन छत्रपती प्रतापसिंहांचं संस्थान उभं राहत होतं.

देवीची लस तेव्हा जगाला माहीत होती. एडवर्ड जेनरने १७९६ मध्ये तिचा प्रयोग केला होता आणि १८०२ मध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोचलीही गेली होती. पण जपानचे बाहेरच्या जगाशी संबंध फार मर्यादित होते. तिथे ही लस नागासाकीमार्गे पोहोचून पसरायला १८४९ साल उजाडलं. सातोला तीस वर्षं उशीर झाला.

त्या वर्षाच्या आठवणी इस्साने ‘ओरा गा हारु’, म्हणजे ‘माझा वसंत’, या पुस्तकात गद्य आणि हायकू एकत्र गुंफून लिहिल्या. सगळं क्षणभंगुर आहे, ही बुद्धाची शिकवण त्याला मान्य होती. तरीही बापाचं मन तेवढ्याने शांत होत नाही, हे त्याने लपवलं नाही. हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८५२ मध्ये छापलं गेलं. आज तेच त्याचं सर्वात प्रसिद्ध पुस्तक आहे.

पुढे काय झालं?

दुःख तिथे थांबलं नाही. दुसरा मुलगा इशितारो १८२१ मध्ये आईच्या पाठीवर बांधलेला असताना गुदमरून गेला. १८२३ मध्ये किकु आजारपणात गेली. तिसरा मुलगा कोन्झाबुरो तेव्हा तान्हा होता. त्याला दूध पाजण्यासाठी एका दाईकडे ठेवलं होतं, तिथे त्याची आबाळ झाली आणि त्याच वर्षी तोही गेला.

इस्साला स्वतःला अर्धांगवायूचे झटके आले. १८२४ मध्ये केलेलं दुसरं लग्न काही महिन्यांतच मोडलं. १८२६ मध्ये त्याने याओशी तिसरं लग्न केलं. पुढच्याच वर्षी गावात मोठी आग लागली आणि १२ वर्षं भांडून मिळवलेलं घर जळून गेलं. जाड मातीच्या भिंतींचं धान्याचं कोठार तेवढं वाचलं. नवरा-बायको त्यात राहायला गेले. तिथेच ५ जानेवारी १८२८ रोजी इस्साचा मृत्यू झाला.

त्या वेळी याओ गरोदर होती. काही महिन्यांनी मुलगी झाली, याता. इस्साच्या मुलांपैकी ही एकटीच मोठी झाली आणि तिच्यामुळे घराणं पुढे चाललं. ज्या मुलीवर तो एकही ओळ लिहू शकला नाही, तीच जगली.

आज त्याचं महत्त्व काय?

मराठीत हायकू रुजवण्याचं श्रेय आचार्य अत्रे यांच्या कन्या शिरीष पै (१९२९-२०१७) यांना दिलं जातं. मराठी हायकूने तीन ओळी ठेवल्या, पण १७ एककांचा हट्ट धरला नाही. आता मोबाइलवरही हायकू लिहिले जातात, त्यात घरातलं मांजर असतं, आई असते, शाळेत निघालेली पोरं असतात. हे विषय कवितेसाठी फार किरकोळ आहेत, असं कोणी म्हणत नाही. त्या मोकळीकीत इस्साचा वाटा मोठा आहे.

काशिवाबाराचा परिसर आज शिनानोमाची या नावाने ओळखला जातो. तिथे इस्साचं स्मारक-संग्रहालय आहे. घर जळालं, वाटणीची भिंतही गेली. ते मातीचं कोठार मात्र राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेलं आहे.