पाचगणीचा फारूख आणि नव्याने घडवलेला 'क्वीन'

'क्वीन' या ब्रिटिश रॉक समूहाचा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ रोजी बाजारात आला, तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्यातील 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' हे पहिले गीत लोकप्रियतेच्या यादीपर्यंतही पोहोचले नव्हते. ५१ वर्षांनी, २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, तोच अल्बम 'क्वीन वन' या नावाने नव्या ध्वनिमिश्रणासह पुन्हा प्रसिद्ध झाला. ज्याच्या आवाजाने तो ओळखला जातो, त्या फ्रेडी मर्क्युरीच्या निधनाला तेव्हा ३३ वर्षे होत आली होती.

फ्रेडीचे मूळ नाव फारूख बलसारा. झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ रोजी एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बोमी तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. घराणे मूळचे गुजरातेतील बलसाडकडचे. आडनाव त्यावरूनच आले. आठ वर्षांच्या आसपास त्याला आई-वडिलांपासून दूर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडण्यात आले. वर्धेकरांना पाचगणी आठवते ती गांधीजींमुळे. तुरुंगातून सुटल्यावर १९४४ च्या पावसाळ्यात ते तेथे विश्रांतीसाठी राहिले आणि तेथूनच सेवाग्रामला परतले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी त्याच थंड हवेच्या गावात हा मुलगा पियानो शिकू लागला. पुढे आलेल्या दातांवरून वर्गमित्र त्याची चेष्टा करीत. पण १९५८ मध्ये शाळेतच उभ्या राहिलेल्या 'द हेक्टिक्स' या वाद्यवृंदात पियानोवर तोच असे. फारूखचा फ्रेडी झाला तोही याच शाळेत.

झांझिबारमध्ये जानेवारी १९६४ मध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून लंडनजवळच्या फेल्टहॅम येथे आले. फ्रेडीने हीथ्रो विमानतळावर सामान हलविण्याचे काम केले, ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये पदविका घेतली आणि केन्सिंग्टनच्या बाजारात कपडे विकले. ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासमवेत १९७० मध्ये नवा समूह उभा राहिला. 'क्वीन' हे नाव फ्रेडीने सुचविले. बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला.

सोहो भागातील ट्रायडेंट स्टुडिओत या चौघांना ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली ती अपुरी होती. मोठ्या कलावंतांचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळेत, बहुधा रात्री, त्यांनी हा अल्बम पूर्ण केला. ड्रम स्टुडिओचेच वापरावे लागले. त्यांचा कोरडा, दबलेला नाद समूहाला तेव्हाही खटकला होता. 'मॅड द स्वाइन' हे फ्रेडीचे गीत तर ध्वनिमिश्रणावरील मतभेदामुळे अल्बममधून वगळले गेले. 'माय फेअरी किंग' या गीतात त्याने बुधाला माता म्हणून संबोधले. त्यानंतरच त्याने मर्क्युरी हे आडनाव घेतले, असे मे यांचे सांगणे आहे.

नव्या आवृत्तीत मूळ फितींवरील प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळा घेऊन पुन्हा जुळविण्यात आला. केवळ जुनी मुद्रिका स्वच्छ करण्यापेक्षा हे काम निराळे आहे. ड्रम आता मोकळे वाजतात आणि वगळलेले गीतही आपल्या जागी परतले आहे. जुना नाद हा इतिहास आहे, त्याला हात लावू नये, असे मानणारे श्रोते आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही. तरीही कलावंतांना त्या काळीच जे मान्य नव्हते ते दुरुस्त करण्यास आक्षेप घेणे अवघड आहे. अडचण एवढीच, की फ्रेडीची संमती आता घेता येत नाही.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने १९७५ मध्ये त्याला जगभर नेले. वेम्ब्लीवरील 'लाइव्ह एड'चा गाजलेला कार्यक्रम १३ जुलै १९८५ रोजी झाला, म्हणजे पहिल्या अल्बमला त्या दिवशी बरोबर बारा वर्षे झाली होती. आपल्याला एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. आपल्या मुळांविषयी तो जाहीरपणे क्वचितच बोलला. लंडनमध्ये त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले.