राणी तामार व तिचे नाव

पवित्र शास्त्रात तामार हे नाव तीन स्त्रियांचे आहे, आणि त्यांपैकी दोघींच्या वाट्यास दुःखच आले. यहूदाची सून तामार ही विधवा. आपला न्याय्य हक्क मिळविण्यासाठी तिला मोठ्या संकटातून जावे लागले. दावीद राजाची कन्या तामार हिला तर सावत्र भावाच्या हातून घोर अपमान सोसावा लागला, व पुढे ती अबशालोमाच्या घरी उदासपणे राहिली. तिसरी अबशालोमाची मुलगी. ती रूपवती होती, याहून अधिक तिच्याविषयी सांगितलेले नाही. इब्री भाषेत तामार म्हणजे खजुरीचे झाड. अर्थ किती गोड! तथापि आपल्या ख्रिस्ती घरांत रूथ, मार्था, एस्तेर ही नावे जागोजाग ऐकू येतात, तामार मात्र क्वचितच. परंतु पृथ्वीच्या पाठीवर एक देश असा आहे, की जेथे हे नाव घरोघरी आहे आणि ते उच्चारताच लोकांची मान आदराने लवते. तो देश जॉर्जिया. तेथील ज्या राणीमुळे ह्या नावास एवढा मान लाभला, तिचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

काळा समुद्र व कॅस्पियन समुद्र यांच्या मध्ये कॉकेशस पर्वताची उंच रांग आहे. तिच्या दक्षिण उतारावर हा डोंगराळ व द्राक्षमळ्यांनी भरलेला देश पसरला आहे. आपल्याकडील जुन्या फारशी ग्रंथांत ह्याचेच नाव गुर्जिस्तान. चौथ्या शतकात नीनो नावाच्या एका परदेशी स्त्रीने तेथे सुवार्ता नेली. द्राक्षवेलीच्या दोन काटक्या स्वतःच्या केसांनी बांधून तिने आपला वधस्तंभ केला, अशी त्या लोकांची परंपरा आहे. म्हणजे त्या देशास प्रभूचे नाव प्रथम सांगितले तेही एका स्त्रीनेच. पुढे जे बाग्रातिओनी घराणे तेथे राज्य करू लागले, ते आपला वंश थेट दावीद राजापर्यंत नेऊन पोहोचवीत असे. तेव्हा त्या घरात जन्मलेल्या मुलीचे नाव तामार ठेवले गेले, यात नवल नाही.

तिचा जन्म 1160च्या सुमाराचा. पिता राजा तिसरा गिओर्गी, आणि माता बुर्दुखान ही पर्वतापलीकडील अलान लोकांच्या राजाची कन्या. राजास पुत्र नव्हता. आपल्यामागे सरदार लोक मुलीस गादीवर बसू देणार नाहीत, हे तो धोरणी पुरुष जाणून होता. म्हणून त्याने 1178 साली, स्वतः जिवंत असतानाच, तामारला राज्याभिषेक करवून आपल्या शेजारी सिंहासनावर बसविले. सहा वर्षे तिने बापाच्या हाताखाली राज्यकारभाराचे धडे घेतले. 1184 साली गिओर्गी मरण पावला आणि ती एकटी उरली. एकटी म्हणण्यास एक अपवाद केला पाहिजे. तिची आत्या रुसुदान ही मोठी शहाणी बाई होती, आणि तिचा आधार तामारला पुष्कळ काळ लाभला.

जॉर्जियन भाषेत राज्य करणाऱ्यास मेपे म्हणतात. राजाच्या पत्नीस देदोपाली असा वेगळा शब्द आहे. तामारला तिचे लोक मेपे म्हणू लागले. त्या भाषेत आपल्या मराठीसारखा लिंगभेद नाही, म्हणून एकच शब्द पुरुषास व स्त्रीस चालतो. मराठीत आपण तिला राणीच म्हणतो, पण ती राजाची राणी नव्हती, स्वतः राजा होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हे पद तिला सुखासुखी मिळाले नाही. बाप मरताच सरदारांनी जुने हिशेब बाहेर काढले. बापाने वर चढविलेले, साध्या कुळात जन्मलेले अधिकारी तिला काढून टाकावे लागले. कुतलू अर्सलान नावाच्या खजिनदाराने तर अशी मागणी केली की, राजवाड्याजवळ सरदारांची एक निराळी बैठक असावी, सर्व निर्णय तिने करावे, आणि राणीने त्यांस केवळ संमती द्यावी. तामारने त्याला कैद केले. त्याबरोबर त्याचे साथीदार हत्यारे घेऊन उभे राहिले. आता रक्तपात होणार असे सर्वांस वाटत असता ह्या तरुण राणीने काय करावे? तिने सैन्य पाठविले नाही. दोन वयस्क, कुलीन स्त्रियांस तिने बंडखोरांकडे बोलणे करण्यास पाठविले. त्या दोघींनी गोडीगुलाबीने तंटा मिटविला, सरदार शरण आले व कोणाच्याही मानेवर तलवार पडली नाही. राणीनेही पुढे मोठ्या कामांत सरदारांचा सल्ला घेण्याचे मान्य केले. पुढील लढायांची वर्णने इतिहासात अधिक लांबलचक असतात. पण माझ्या मते तामारचा पहिला मोठा विजय हाच होय.

लग्नाच्या बाबतीत मात्र सरदारांनी तिचे ऐकले नाही. राज्यास सेनापती हवा व गादीस वारस हवा, असा त्यांचा हेका. राणी म्हणत होती की वराची नीट चौकशी झाल्यावाचून घाई करू नये. तरीही एका व्यापाऱ्यास धाडून रशियातील एक पदच्युत राजपुत्र, आंद्रेई बोगोल्युब्स्की याचा मुलगा यूरी, ह्यास आणविण्यात आले, आणि 1185 साली विवाह उरकण्यात आला. यूरी लढवय्या होता खरा, पण दारूबाज व दुर्वर्तनी निघाला. तामारने त्याला सुधारण्याची खटपट केली. ती व्यर्थ गेल्यावर 1187 साली तिने धर्माधिकाऱ्यांसमोर व सरदारांसमोर सर्व हकिकत मांडून विवाह रद्द करविला, आणि त्याला पुष्कळ द्रव्य देऊन कॉन्स्टंटिनोपलला रवाना केले. मुलीचे लग्न ठरविताना वराच्या घराण्याकडे पाहून समाधान मानणारे आईबाप आपल्याकडे काही थोडे नाहीत. त्यांनी हा भाग पुन्हा एकदा वाचावा.

यूरी स्वस्थ बसला नाही. 1191 साली तो परत आला, आणि निम्मे सरदार त्याला जाऊन मिळाले. राणीच्या सैन्याने त्याचा मोड करून त्याला पकडले. त्या काळी अशा बंडखोराचे डोळे काढण्याची रीत होती. तामारने त्याला सोडून दिले. काही काळाने तो शेजारच्या मुसलमान सत्तेचे साहाय्य घेऊन पुन्हा आला व पुन्हा हरला. तिच्या राज्यात कोणास देहान्त शिक्षा झाली नाही, की कोणाचा अवयव तोडण्यात आला नाही, असे तत्कालीन बखरकार आवर्जून लिहितात. बखरकार राजांची स्तुती करतातच. तरी स्तुतीसाठी त्यांनी हाच गुण निवडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरा पती तिने स्वतः निवडला. दाविद सोसलान हा अलान राजपुत्र आत्या रुसुदानच्याच घरी वाढला होता. तो पराक्रमी व विश्वासू निघाला. त्यांस लाशा गिओर्गी हा मुलगा व रुसुदान ही मुलगी झाली. सेनेचे आधिपत्य दाविदाकडे असे. 1195 साली शामखोर येथे व 1202च्या सुमारास बासियानी येथे जॉर्जियन सैन्याने मोठे जय मिळविले. दुसरी लढाई रूमचा सेल्जुक सुलतान रुकनुद्दीन याच्याशी झाली. सैन्य निघाले तेव्हा राणीने वर्ड्झियाच्या मठात अनवाणी पायांनी प्रार्थना केली असे सांगतात. 1204 साली तिच्या साहाय्याने तिच्या कोम्नेनोस घराण्यातील आप्तांनी काळ्या समुद्राच्या काठी त्रेबिझोंदचे राज्य स्थापिले, ते 1461 पर्यंत टिकले.

हे वर्ड्झिया एक अपूर्व ठिकाण आहे. कुरा नदीच्या काठी उभ्या कड्यात मजल्यांवर मजले कोरून हा मठ केलेला आहे. आपल्या वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहिलेल्या मुलांस त्याची कल्पना लवकर येईल. काम गिओर्गीने आरंभिले, तामारने पुरे केले. त्या नावाची एक गोड कथा आहे. लहानपणी तामार काकाबरोबर तेथे गेली असता गुहांत वाट चुकली. काकाने हाक मारली तेव्हा, काका, मी इथे आहे, अशा अर्थाची ओ तिने दिली, आणि त्या शब्दांवरूनच वर्ड्झिया हे नाव पडले म्हणतात. 1283च्या भूकंपात कड्याचा दर्शनी भाग कोसळला, तरी देवळाच्या भिंतीवर बापलेकीचे रंगीत चित्र अद्याप आहे.

तिच्या दानधर्माच्या गोष्टी तर पुष्कळ. त्यांतील एक अशी की, सणाच्या दिवशी गेलाती येथील मंदिरात जाण्यासाठी ती केशभूषेवर माणके बांधीत होती. इतक्यात बाहेर एक भिकारीण आल्याचे दासीने सांगितले. राणीने थोडे थांबण्यास सांगून पाठविले. साजशृंगार आटोपून ती बाहेर आली, तो बाई निघून गेलेली. पुष्कळ शोध केला, सापडली नाही. तेव्हा ज्या अलंकारापायी गरीब दारातून विन्मुख गेली, तो अलंकार डोक्यावरून उतरवून तिने मंदिरास अर्पण केला. आपल्या देशाबाहेरही तिचे लक्ष होते. प्रभूचा वधस्तंभ सलाउद्दीनाच्या हाती गेला तेव्हा तो सोडविण्यासाठी तिने दोन लक्ष दिनार देऊ केले होते, असे त्या सुलतानाचाच चरित्रकार बहाउद्दीन नमूद करतो. तिच्या तांब्याच्या नाण्यांवर जॉर्जियन लिपीबरोबर अरबी लिपीही आहे, आणि त्या अरबी मजकुरात तिला मसीहाची साहाय्यकर्ती म्हटले आहे!

तिच्याच काळात शोता रुस्तावेली ह्या कवीने वाघाचे कातडे पांघरलेल्या वीराचे महाकाव्य रचले. आपणांस कौतुक वाटण्याजोगी गोष्ट ही की, त्या काव्याचा एक नायक तारिएल हा हिंदुस्थानचा राजपुत्र आहे, व त्याची प्रिया हिंदुस्थानच्या राजाची कन्या. कवीने आपला देश कोठेच आणला नाही. पण आरंभीच अरबस्तानचा एक वृद्ध राजा आपल्या एकुलत्या एक मुलीस गादीवर बसवितो, ते वाचताना गिओर्गी व तामार डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाहीत. हे काव्य 1712 साली तिबिलीसी येथे प्रथम छापले गेले.

तामार 1213च्या सुमारास वारली. थोड्याच वर्षांत मंगोल आले, 1226 साली जलालुद्दीनाने तिबिलीसी घेतली, आणि ते वैभव गेले ते गेलेच. मग पडझडीच्या काळात लोक तिच्याच आठवणीवर जगू लागले. जुना पूल दिसला, तो तामारचा. डोंगरावर ओसाड किल्ला दिसला, तोही तामारचा. पहाडी लोकांच्या कथांत तर तिने पहाटेची चांदणी बांधून ठेविली होती व म्हणून तिच्या राज्यात हिवाळा येत नसे.

परंतु परक्या मुलखात त्याच नावाची निराळीच गत झाली. रशियन कवी लेर्मोन्तोव याने 1841 साली दार्याल घाटातील एका बुरुजात राहणाऱ्या तामारा राणीवर कविता लिहिली. ही राणी वाटसरूंस रात्री मोहाने बोलावते व सकाळी त्यांची प्रेते नदीत टाकते. त्या कवितेवरून बालाकिरेव याने 1882 साली वाद्यसंगीत रचले, आणि ते युरोपभर गाजले. 1903 साली नॉर्वेच्या क्नूट हाम्सुन याने तिच्यावर नाटक लिहिले. ज्या स्त्रीने बंडखोर नवऱ्याचेही डोळे काढले नाहीत, तिचे नाव प्रवाशांचा जीव घेणाऱ्या मोहिनीस मिळावे, हा अन्याय नव्हे काय? कवींस कल्पनेची मोकळीक असते हे कबूल; पण ज्यांनी इतिहास वाचला नाही ते कवितेलाच इतिहास समजतात. जॉर्जियन कवी ग्रिगोल ओर्बेलियानी याने मात्र बेतानिया येथील पडक्या देवळात सापडलेल्या तिच्या चित्रापुढे उभे राहून काव्य केले, ते सर्वस्वी भक्तीचे आहे. तेथील ख्रिस्ती मंडळी तिला संत मानते व 14 मे रोजी तिचा दिवस पाळते. देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर 1995 साली निघालेल्या पन्नास लारीच्या नोटेवरही तिचेच मुख छापण्यात आले.

तिचे थडगे कोठे आहे हे कोणासही ठाऊक नाही. गेलातीस तिचे दफन झाले असे बखर सांगते, पण तेथे ते सापडत नाही. कोणी म्हणतात, शत्रूने विटंबना करू नये म्हणून एका रात्री अनेक शवपेट्या निरनिराळ्या दिशांस पाठविल्या गेल्या. कोणी म्हणतात, तिचा देह यरुशलेमेस नेला. ह्याच बाग्रातिओनी कुळातील दुसरी एक राणी केतेवान, जिला 1624 साली शिराझ येथे शाह अब्बासाच्या आज्ञेने ख्रिस्ताच्या नावासाठी हालहाल करून मारले, तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टीनियन साधूंनी आपल्या गोव्यास आणला होता. जुन्या गोव्यातील त्यांच्या पडक्या देवळाच्या जागी 2004 साली तो उकरून काढण्यात आला, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्याची परीक्षा केली, आणि 2021 साली भारत सरकारने तो सन्मानपूर्वक जॉर्जियाच्या स्वाधीन केला. तामारच्या शोधात तिचे लोक अजून गेलातीच्या फरशा पाहत आहेत.