शेजारच्या सीटवर कोण?

दापोलीच्या एसटी स्टँडबाहेर शेअर रिक्षा भरायची वाट बघत किती तास घालवलेत, याचा हिशोब कुणी ठेवला असता तर आपल्यातल्या निम्म्या लोकांची अटेंडन्स पूर्ण झाली असती. हर्णैची रिक्षा भरते, मुरुडची भरते, आतल्या वाड्यांकडची मात्र भरता भरत नाही. आमच्या ग्रुपमध्ये त्यातूनच एक आयडिया निघाली. दहा-बारा जणांनी मिळून सहकारी संस्था काढायची, एखादी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची, ज्याला जेव्हा लागेल तेव्हा त्याने बुक करायची. पेट्रोलचा खर्च नाही, धूर नाही आणि प्रत्येकाच्या दारात एकेक गाडी उभी करायची गरज नाही. जगात हे नवीन नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या लोकांनी गाडी सामायिक वापरायची संस्था 1948 सालीच काढली होती. तिथल्याच दोन सहकारी संस्था 1997 मध्ये एकत्र येऊन ‘मोबिलिटी’ नावाची संस्था झाली, आणि ती आजही जोरात चालते.

कागद-पेन घेऊन बसलो. गाडीची किंमत, बॅटरी, इन्शुरन्स, सगळं मांडून झालं. मग एकीने सहज विचारलं, मेंबर कोणाकोणाला करायचं? आपल्या ओळखीतलेच बरे, असं कुणीतरी म्हणालं आणि पुढची पाच मिनिटं कुणी काहीच बोललं नाही. त्या पाच मिनिटांत मला आठवला तो याच दापोलीत लहानपणीची काही वर्षं काढलेला एक मुलगा. त्याच्या आयुष्यात गाडी हा विषय पुन्हा पुन्हा आला, आणि दर वेळी प्रश्न एकच होता, शेजारी कोण बसणार.

भीमराव रामजी आंबेडकर. जन्म 14 एप्रिल 1891, महू. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. निवृत्तीनंतर ते कुटुंब घेऊन दापोलीला आले, कारण इंग्रजांच्या कॅम्पमुळे निवृत्त सैनिकांची इथे मोठी वस्ती होती. जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते त्यामुळेच. मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यात. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्त सैनिकच, आणि तेही इथेच राहायला आलेले. म्हणजे भीमराव अगदी लहान असताना या गावात हक्काची भाषा बोलली जात होती. पुढे रामजींना साताऱ्यात नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडे गेलं. तिथे आई भीमाबाई गेली.

आता 1901 सालात या. रामजी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात गोरेगाव इथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. (मुंबईचं गोरेगाव नव्हे.) त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. मुलांच्या उत्साहाला सीमा नव्हती. नवे शर्ट शिवले, झगझगीत टोप्या घेतल्या, रेशीमकाठी धोतरं नेसली. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं अशी ही पोरं आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. आगगाडीचा काही प्रश्न आला नाही. तिकीट काढलं की डबा सगळ्यांचा.

पण स्टेशनवर घ्यायला कुणीच आलं नव्हतं. पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. कपडे बघून स्टेशनमास्तरांना ही मुलं वरच्या जातीतली वाटली आणि ते प्रेमाने चौकशी करू लागले. मुलांनी जात सांगितली. मास्तरांचा चेहरा बदलला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण बातमी पसरली आणि एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. भाडं दुप्पट द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालत येईल. एक जण तयार झाला. विचार करा, स्वतःची गाडी, स्वतःचे बैल, आणि मालक रस्त्याने पायी चालतोय. का, तर आत बसलेल्या पोरांचा विटाळ होईल!

वाटेत पाणी मिळालं नाही. डब्यात जेवण होतं, पण कोरड्या घशाखाली घास उतरेना. रात्र झाली, रस्ता निर्मनुष्य. आणि मग एक गोष्ट घडली. तो गाडीवान अचानक उडी मारून गाडीत चढला आणि मुलांच्या शेजारी येऊन बसला. दिवसाउजेडी जे चालत नव्हतं ते अंधारात चालून गेलं. का, हे विचारायची मुलांची हिंमत झाली नाही. जकात नाक्यावर मध्यरात्री पोचल्यावर भीमरावांनी आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागून बघितलं. तरीही मिळालं नाही. उपाशीपोटी, तहानलेली पोरं नाक्याजवळ झोपली आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. तो वाचताना मला नेहमी त्या गाडीवानाचंच कुतूहल वाटतं. वाईट माणूस होता म्हणावं, तर रात्री एकट्या पोरांना सोडून तो पळाला नाही. चांगला म्हणावं, तर दुप्पट भाडं घेतलंच की. तो गाव जे सांगेल ते करणारा साधा माणूस होता, आपल्यातल्या बहुतेकांसारखा.

यानंतर एल्फिन्स्टन हायस्कूल आणि कॉलेज, बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, लंडन, डॉक्टरेट, बॅरिस्टरी हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मधल्या काळात एक लग्नही झालं, भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. नवरी रमाबाई, दापोलीजवळच्या वणंद गावची. तिचे वडील दाभोळ बंदरातून माशांच्या पाट्या डोक्यावरून बाजारात वाहून नेत. आज दाभोळची वाट आपण गाडीतून झोपा काढत पार करतो, म्हणून हे सांगितलं.

आता 1927. मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली. मुंबईहून महाडला जायचा जवळचा मार्ग म्हणजे बोटीने धरमतर आणि तिथून मोटारबस. पण बसवाल्यांचं धोरण आधीच कळलं होतं, ते परिषदेच्या लोकांना नेणार नव्हते. म्हणजे मसूर स्टेशनवरचे गाडीवाले गेले होते आणि बसमालक आले होते. बैलांच्या जागी इंजिन आलं, बाकी तेच.

मग बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे 200 सहकारी 24 डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने लांबच्या मार्गाने निघाले. हरिहरेश्वर, तिथून बाणकोटच्या खाडीत शिरून सावित्री नदीतून वर दासगाव. ही खाडी आपल्या ओळखीची आहे. तिच्या दक्षिण काठावर मंडणगड तालुका, म्हणजे बाबासाहेबांच्या पूर्वजांचा मुलूख. दासगावला हजारो माणसं वाट बघत थांबली होती. तिथून पाच मैल रांगेत चालत सगळे महाडला पोचले. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. माझं लक्ष मात्र त्या पाच मैलांकडे जातं. वाहन मिळालं नाही म्हणून कुणी घरी बसलं नाही. सगळ्यांनी मिळून एक बोट धरली आणि उरलेलं अंतर पायांनी काढलं.

दोनच वर्षांनी, 1929 मध्ये, चाळीसगावला जे झालं ते अजून वेगळं. सरकारने दलितांच्या तक्रारींची चौकशी करायला एक समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. धुळ्याकडचं काम आटोपून परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला. ते थांबले. पण स्टेशनवर तास-दीड तास टांग्याची वाट बघावी लागली. टांगा आला एकदाचा आणि निघाला. थोडं पुढे गेल्यावर एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. मग पूल आला. पुलाला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर दगड होते. चाक दगडात अडकलं, टांगा उलटला, घोडा आणि टांगा नदीत, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर. पाय मोडला.

मागाहून कळलं ते असं. एकही टांगेवाला बॅरिस्टर आंबेडकरांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी न्यायचं हे वाड्यातल्या लोकांना कमीपणाचं वाटलं. म्हणून त्यांनी टांगा नुसता भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. यात हसण्यासारखं काही नाही, पण शिकण्यासारखं खूप आहे. गाडी मिळवणं वेगळं, ती सुरक्षित चालवणारा माणूस आपल्यात असणं वेगळं. बाबासाहेबांनी त्या लोकांच्या मानीपणाची कदर केली, आणि पाहुण्याच्या जिवापेक्षा मान मोठा ठरला हेही स्पष्ट लिहिलं. इतकं तटस्थपणे, तेही स्वतःचा पाय मोडलेला असताना, किती जणांना लिहिता येईल?

1934 मध्ये चळवळीतले तीसेक सहकारी वेरूळ बघायला निघाले. या वेळी गाड्या त्यांनीच ठरवलेल्या होत्या. म्हणजे वाहनाचा प्रश्न सुटला असं म्हणायला हरकत नव्हती. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला, धुळीने माखलेले सगळे तळ्यावर हातपाय धुवायला उतरले. पाणी बाटवलं म्हणून तिथे आरडाओरडा झाला, जमाव जमला. किल्ला बघायला परवानगी मिळाली ती कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारी शिपाई देऊन. आपली गाडी असली तरी ती कुठेतरी थांबतेच, आणि थांबल्यावर उतरावं लागतं.

1937 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. खोती म्हणजे आपल्या कोकणाच्याच मानेवरचं जोखड, त्यामुळे पुढच्या जानेवारीत मुंबईत निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात रत्नागिरीचीही माणसं होती. मग 1947 मधलं त्यांचं निवेदन बघा. त्यात शेती सामुदायिक करायची आणि ती गावातल्या लोकांना जात, धर्म न बघता द्यायची, अशी मांडणी आहे. जमीन, अवजारं, सगळं सामायिक. आधी वाटेकरी कोण ते ठरवा, मग वाटा ठरवा, असा तो क्रम आहे.

झुरिकचे लोक सामायिक मोटार घेत होते त्याच 1948 सालात, 29 नोव्हेंबरला, दिल्लीत संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. आणि कलम 15 जरा उघडून वाचा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते, यांच्या वापरात कुणालाही अडवता येणार नाही असं तिथे लिहिलंय. कायद्याचं कलम असं एरवी कोरडं वाटतं. मसूर, चाळीसगाव, दौलताबाद माहीत असलं की त्यातला एकेक शब्द ओळखीचा वाटायला लागतो. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेत मुंबईचे रस्ते माणसांनी ओसंडून वाहत होते.

आमच्या कागदाकडे परत येते. महाराष्ट्राचा 1960 चा सहकारी संस्था कायदा म्हणतो की संस्था काढायला किमान दहा जण हवेत, तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले. त्याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तेव्हा ‘आपल्या ओळखीतलेच’ हा मुद्दा खोडून टाकला. कुणी वाद घातला नाही. ड्रायव्हिंगचं लायसन्स आणि नीट शिकवणी सगळ्यांना सक्तीची, हेही लिहिलं. ते चाळीसगावमुळे.

अडलंय ते दुसरीकडेच. गाडी रात्री उभी कुठे करायची आणि चार्जिंग पॉइंट कुणाच्या अंगणात बसवायचा? कोकणातली वाडी म्हणजे काय आणि कुठल्या वाडीत कोण राहतं, हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. एकाच्या घरी जागा आहे, थ्री-फेज कनेक्शनही आहे, पण तिथे सगळे मोकळेपणाने येतील का, हे त्याने स्वतःच विचारलं. दुसरीच्या वाडीत सगळे येतील, पण रस्ता पावसाळ्यात जातो. तेवढी एक ओळ कोरी ठेवलीय. रविवारी स्टँडसमोर चहाला पुन्हा बसतोय.