डॉ. सलीम अली : एक छर्रा, एक चिमणी आणि एक प्रश्न



दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. या निमित्ताने आपण शाळेत फलक लिहितो, मुलांकडून भाषण पाठ करून घेतो. पण हा एवढा मोठा पक्षितज्ज्ञ लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा, हे आपण मुलांना सांगतो का? मला वाटतं, सांगायला हवं. कारण त्यांची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

सलीम यांचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईवडील फार लवकर गेले आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. मामा शिकारीचे शौकीन. घरात बंदुका, शिकारीच्या गप्पा. साहजिकच सलीमलाही मोठा शिकारी व्हायचं होतं. हाती छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्यांवर नेम धरणं सुरू झालं.

एकदा तबेल्यातल्या घरट्यात मादी बसली होती आणि बाहेर नर राखण करत होता. सलीमने नर टिपला. थोड्या वेळाने तिथे दुसरा नर हजर! सात दिवसांत असे आठ नर त्याने मारले. वाचून वाईट वाटतं ना? पण बघा, या पोराने ते सगळं लिहूनही ठेवलं. मारणारा हात आणि नोंद ठेवणारा हात एकाच मुलाचा होता.

पुढे एक दिवस नेहमीसारखाच एक छर्रा सुटला आणि चिमणी पडली. उचलून बघतो तर गळ्यावर पिवळा ठिपका! घरातल्या चिमणीसारखी, पण ती नव्हे. ही खायची चालेल का, अशी शंका आली म्हणून तो मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी त्याला गप्प बसवलं नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. इंग्रज साहेबाच्या कचेरीत जायला पोरगा घाबरला होता. पण मिलार्ड यांनी चिमणी पाहून ती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी आहे, हे सांगितलं. कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तकं दिली, नमुने जतन करण्याची पद्धत शिकण्याची सोय केली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. छर्रा नेमका त्याच चिमणीला लागणं हा तसाच योग होता. त्यात नेमबाजीचं कौतुक काहीच नाही. पण त्यानंतर मामांनी आणि मिलार्ड यांनी जे केलं, तो योगायोग नव्हता.

पुढची वाटही सरळ नव्हती. गणिताने सलीमना छळलं. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेले, पण तिथेही लक्ष पक्ष्यांकडेच. परत येऊन प्राणिशास्त्र शिकले. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक म्हणून नोकरी मिळाली. मग जर्मनीत बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे ते शिकले. परत आले तर ती जागाच रद्द झालेली! मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडला तर तिथे संसार मांडते आणि नर लगेच पुढचा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी तासन्‌तास बसून टिपलं. या अभ्यासाने त्यांचं नाव झालं.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. नंतर डिलन रिप्ली यांच्यासोबत १० खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. अभ्यासासाठी पक्ष्यांचे नमुने गोळा करताना त्यांनी पुढेही बंदूक वापरली, हे लपवायचं कारण नाही. पण पुढे पक्षी जिवंत पकडून, पायात कडी घालून सोडून देण्याचं मोठं कामही त्यांच्याच पुढाकाराने झालं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९८५ साली ते राज्यसभेवर गेले. २० जून १९८७ रोजी त्यांचं निधन झालं. आत्मचरित्राच्या नावातसुद्धा त्यांनी ती पडलेली चिमणी ठेवली.

आता आपल्याकडे या. आमच्या लोहाऱ्यात आजही एखाद्या पोट्ट्याच्या दप्तरात गलोल सापडते. ती काढून घ्यायलाच हवी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि रानपक्षी मारणं गुन्हा आहे, हेही सांगायला हवं. पण तेवढ्यावर थांबू नका. झाडावर नेम धरायला जो पोरगा तासभर हलत नाही, त्याच्याकडे निरीक्षणाची ताकद आहे. त्याला एक वही द्या. कोणता पक्षी, कोणत्या झाडावर, किती वाजता, काय करत होता, एवढंच लिहायला सांगा. त्याने विचारलेल्या पक्ष्याचं नाव आपल्याला येत नसेल, तर मामांसारखं करा. ज्याला येतं त्याच्याकडे त्याला घेऊन जा.